धर्मेशशेठचं नाक

मांजर्लीत आपल्याइतकं तयार नाक दुसऱ्या कुणाचं नाही, असं धर्मेश गायकरांचं ठाम मत होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी ते ऐकवायची त्यांना सवय होती. "गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सांगतो, कुणाकडे मांदेली तळतायत आणि कुणाकडे कालचं गरम करतायत!" त्यामुळे सोसायटीच्या सभेत वासाचा प्रश्न निघाला, तेव्हा चेअरमन या नात्याने त्यांनी सरळ आपल्या नाकावर बोट ठेवलं.

"या नाकाची गॅरंटी! महिनाभर प्लांट चालवून बघा. वास आला तर मी स्वतः बटण बंद करून कुलूप लावीन!"

आता हा प्लांट म्हणजे काय, ते सांगायला हवं. 'उल्हासतीर' सोसायटी उभी आहे ती गायकरांच्या जुन्या भातशेतीवर. ए विंगमध्ये गायकर आणि त्यांचं गणगोत, सगळे मूळचे आगरी. बी विंगमध्ये सोलापूर, सातारा, नगर अशा लांबलांबच्या गावांहून येऊन स्थिरावलेले नोकरदार. दोन्ही विंगांचं सांडपाणी इतकी वर्षं न भांडता एकाच नाल्यात जात होतं. नाल्यातून उल्हास नदीत, नदीतून कल्याणच्या खाडीत आणि खाडीतून समुद्रात! ते आधी स्वच्छ करायचं आणि मगच सोडायचं, असा सोसायटीने निर्णय घेतला होता. त्यासाठी दोन इमारतींच्या मधल्या जागेत टाक्या खणल्या, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर आणला, त्याला एक खोली बांधली आणि खोलीतली गरम हवा बाहेर टाकायला स्लॅबवर एक दांडगा पंखा बसवला.

खरं तर हा निर्णय सोसायटीचा नव्हताच. तो धर्मेशशेठच्या आईचा, सगुणाबाईंचा होता. त्यांचं माहेर खाडीकाठचं. दिवाळीत त्यांचा भाऊ खाडीतले बोईट मासे घेऊन आला होता. सगुणाबाईंनी हौसेने कालवण केलं, पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. कालवणाला रॉकेलचा वास!

"धर्म्या," त्या म्हणाल्या, "तुमी इथं संडासाची साखली वडता ना, ता सगला माज्या म्हायेराला जातंय."

एवढंच बोलल्या. धर्मेशशेठना पुढचा घास गिळवेना. आईने आयुष्यात त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि हेही तिने मागितलं नव्हतंच, पण त्यांना ते ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून ते प्लांटच्या मागे लागले.

विरोध होता तो बी विंगच्या बाळाजीरावांचा. बाळाजीराव मूळचे बार्शीचे, अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, माळकरी, आणि त्यांची खिडकी नेमकी प्लांटसमोर. "चेअरमन, घाण लांब वाहून जात होती ती बरी होती की! आता तुम्ही ती आमच्या नाकाखाली मुरत घालणार!" शेवटी महिनाभराच्या अटीवर ते राजी झाले. वास आला तर प्लांट बंद, पाणी पुन्हा नाल्यात.

पहिले दोन आठवडे झकास गेले. धर्मेशशेठ सकाळ-संध्याकाळ प्लांटला प्रदक्षिणा घालायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि "वा!" म्हणायचे. मे महिना लागला, आणि एके सकाळी बाळाजीराव नाकाला उपरणं लावून दारात हजर.

"चेअरमन! सुरू झालं बघा!"

"काय?"

"काय म्हणजे? रात्रीपासून झोप नाही! नाक आहे का काय आहे तुम्हाला?"

नाकावर आल्यावर धर्मेशशेठ थांबतात होय? ते तडक बाळाजीरावांच्या खिडकीत जाऊन उभे राहिले. डोळे मिटून हवा ओढली. डाव्या नाकपुडीने ओढली, उजवीने ओढली. काही म्हणजे काही नाही! छान गार वारा होता. फक्त नुकतीच न्याहारी करून आलेले असूनही त्यांना अचानक कडकडून भूक लागली.

"बाळाजीराव, भास आहे हा," असं सांगून ते घाईघाईने घरी गेले आणि आईकडे तांदळाची भाकरी मागितली.

प्लांटवर जनू नावाचा जुन्या गावठाणातला माणूस कामाला होता. त्यालाही विचारलं.

"जनू, वास येतो का रे?"

"नाय शेठ."

"कसलाच?"

"कसलाच नाय. हवा येकदम मस्त हाय!"

दोन दिवसांत बी विंगच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. लोक पायऱ्या उतरताना श्वास रोखून धरायचे आणि फाटकाबाहेर जाऊन सोडायचे. धर्मेशशेठनी एक नाक समिती नेमली, अर्धी ए विंगची आणि अर्धी बी विंगची. समितीने प्लांटभोवती फिरून वास घेतला. बी विंगच्या सदस्यांपैकी एकाला मळमळलं, दुसरा तर अर्ध्यावरूनच पळाला. ए विंगचे सदस्य म्हणाले, "कसला वास? काही तरीच!" मग दोन्ही विंगांची जुंपली. "तुमची नाकं मेली आहेत," असं बी विंगवाले म्हणाले. "आमच्या जमिनीवर राहून आमच्या प्लांटला नावं ठेवता?" असं ए विंगवाले म्हणाले. गणपतीत एकत्र आरती करणारी माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहू लागली!

अशातच प्लांटभोवती कावळे दिसायला लागले. मग दोन घारी आल्या. मग मांजरं आली, ती तर बिऱ्हाड करूनच राहिली. धर्मेशशेठना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'निसर्ग परत येतोय! आपल्या प्लांटची किमया!' त्यावर बाळाजीरावांनी लगेच लिहिलं, 'कावळे आणि घारी कशावर जमतात, ते चेअरमननी जरा आठवावं.'

शेवटी प्लांट बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर प्राची आली. हुशार, कामसू मुलगी. तिने बाटलीत पाणी घेतलं, तपासलं, पुन्हा तपासलं.

"सर, पाणी एकदम मस्त आहे. प्रॉब्लेम नाहीये."

"बघा!"

"पण सर, वास आहे! खूपच आहे. सांडपाण्याचा नाही वाटत. कसला ते मात्र मला ओळखता येत नाहीये. आमच्याकडे घरी कांदासुद्धा जपून खातात, त्यामुळे मला फारसे वास माहीतच नाहीत."

धर्मेशशेठ हादरले. बाळाजीराव खोटं बोलतील, पण ही मुलगी कशाला बोलेल?

प्राची म्हणाली, हवा वाढवून बघू. ब्लोअर जोरात लावला. खोली तापली, म्हणून स्लॅबवरचा पंखाही जोरात लावला. त्या संध्याकाळी वास बी विंगच्या सातव्या मजल्यावर पोचला. मग टाक्या रिकाम्या केल्या. आतून घासल्या, पुसल्या, फिनेल ओतलं. आत उतरलेल्या माणसांना हवा मिळावी म्हणून पंखा मात्र चालूच ठेवला. वास तसाच! उलट आता त्यात फिनेल मिसळलं होतं.

"रिकाम्या टाकीला वास येतो," बाळाजीराव गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे तो भिंतीत मुरला. आता जायचा नाही."

सगळी सोसायटी टाकीत डोकं घालून वास शोधत होती. वर बघावं, हे एकालाही सुचलं नाही.

त्या दिवसांत धर्मेशशेठचं कशातच लक्ष लागेना. प्लांटवर जाऊन नुसते उभे राहायचे. आपलं नाक गेलं, असंच त्यांच्या मनाने घेतलं. वय झालं की डोळे जातात, कान जातात, मग नाक का जाणार नाही? आणि नाकासोबत आईचं खाडीचं पाणीही गेलं. आता मामाला काय तोंड दाखवायचं? फक्त भूक तेवढी शाबूत होती. प्लांटवरून आले की दोन भाकऱ्या जास्त जात, आणि या दुःखातही आपण असे जेवतो कसे, याचीच त्यांना लाज वाटे.

महिना भरला. प्लांटसमोरच खुर्च्या मांडून सभा भरली. बाळाजीराव उठले.

"चेअरमन, आम्ही शब्द पाळला, महिना थांबलो. आता तुम्ही शब्द पाळा."

धर्मेशशेठ उभे राहिले. काही तरी जोरदार बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "जनू, बंद कर."

जनूने बटणाकडे हात नेला.

"थांब रं!" पहिल्या रांगेतून आवाज आला. सगुणाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. सभेत त्या कधीच बोलत नसत.

"मना सभेतला काय कलत नाय. पन येक सांगतंय. माजा म्हायेर खाडीवं हाय. माजा बापूस कमरेभर पान्यान उभा रहून बोईट पकडायचा. आता माजा भाऊस त्या पान्यान पाय टाकाला भितंय. खाज येतंय, फोड येतान. तुमी इथं साखली वडली, तुमचा घर साफ झाला. पन ती घान गेली कुठं? माज्या भावाच्या दारान! तुमाला वास नको, मग त्याला कशाला?"

बी विंगच्या बायकांनी माना खाली घातल्या. बाळाजीरावांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. धर्मेशशेठचे डोळे भरून आले. अख्ख्या महिन्यात जे त्यांना जमलं नाही, ते आईने चार वाक्यांत केलं होतं! आता बटणाला हात लावायची कुणाची छाती होती?

"आनि दुसरा सांगतंय," सगुणाबाई म्हणाल्या, "तो पंखा तं बिलकुल बंद करू नका. वरचं बोंबील अजून ओलं हान!"

सगळ्यांच्या माना एकदम पंख्याकडे वर झाल्या.

"वरचं काय?" धर्मेशशेठनी विचारलं.

"बोंबील! औंदा मे महिन्यान पन आभाल, ऊन कुठं हाय? जनूनी वर बाज टाकली, दोऱ्या बांधल्या. पंख्याची हवा अशी गरम येतंय ना, उन्हापेक्षा बेस!"

जनू कौतुक झाल्यासारखा लाजला.

"जनू!" धर्मेशशेठ किंचाळले. "तुला विचारलं होतं ना मी?"

"तुमी वासाचा इचारला शेठ. बोंबलाचा कुठं इचारला?"

शिडी लागली. स्लॅबवरून एकेक ऐवज खाली येऊ लागला. बोंबलांच्या माळा, वाकट्या, टोपलीभर जवळा, वर झाकलेली जुनी साडी, आणि मागोमाग तीन मांजरं! पावसाळ्याची अख्खी बेगमी सभेच्या टेबलावर मांडली गेली. बाळाजीराव दोन पावलं पुढे आले, वाकले, आणि झटका बसल्यासारखे मागे गेले.

"हाच! हाच तो वास!"

धर्मेशशेठनी एक बोंबील उचलला, नाकाशी धरला आणि मनापासून विचारलं, "याला वास म्हणतात?"

ए विंग खरोखरच गोंधळली होती. जन्मापासून दर उन्हाळ्यात घरात दरवळतो तो वास कसा असेल? ते तर घर होतं.

"म्हणजे टाक्या आम्ही उगीचच घासल्या?" प्राचीने क्षीण आवाजात विचारलं.

"पण आई, प्लांटवर कशाला? दर वर्षी गच्चीवर सुकवतेस ना!"

"गच्चीवं तूच बंदी केलीस ना गेल्या साली? 'आयसला पन सूट नाय' असा भर सभेन बोललास. प्लांटवं नको असा कुठं बोललास?"

हे मात्र खरं होतं. बाळाजीरावांच्याच तक्रारीवरून चेअरमननी बाणेदारपणे तो नियम केला होता, आणि त्यावर आई गप्प बसली, म्हणजे तिला पटलं, असा त्यांनी समज करून घेतला होता.

बी विंगमधून कुणीतरी फिसकन हसलं. मग ए विंगमधून हसलं. मग जो हशा उठला, त्यात कावळेसुद्धा उडाले. हसले नाहीत ते फक्त बाळाजीराव. ते सगुणाबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"आजी, भावाला सांगा, बी विंगची घाण यापुढे त्यांच्या दारात येणार नाही. हा बघा माझा हात वर. प्लांट चालू राहू द्या." आणि मग हात तसाच वर ठेवून ते म्हणाले, "पण ते तेवढं घरी घेऊन जा, पाया पडतो!"

प्लांट राहिला. धर्मेशशेठच्या नाकाचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही, खुद्द धर्मेशशेठनीही नाही.

पुढच्या रविवारी ते आईला नदीकाठी घेऊन गेले. प्लांटचा पाइप जिथे नदीला मिळत होता, तिथे नितळ पाण्याची धार पडत होती. नदी काही एका पाइपाने स्वच्छ झाली नव्हती, पण त्या धारेपुरता तळ दिसत होता. सगुणाबाईंनी ओंजळ धरली, पाणी नाकाशी नेलं.

"वास येतो का गं?" धर्मेशशेठनी भीत भीत विचारलं.

"नाय रं."

त्या हळूच खाली बसल्या आणि पाय धारेत सोडले. खूप वर्षांनी आईचे पाय नदीत दिसत होते. हे पाणी आता मामाच्या दाराकडे निघालं होतं. आयुष्यात एक काम आपल्या हातून धड झालं, असं त्यांना वाटलं.

सगुणाबाईंनी शेजारच्या काळ्या कातळावर हात टेकला आणि पटकन उचलला. मग पुन्हा टेकला. डोळ्यांवर आडवा हात धरून आभाळाकडे पाहिलं. आभाळ मोकळं झालं होतं, ऊन लख्ख पडलं होतं.

"धर्म्या," त्या म्हणाल्या, "यो कातल काय छान तापलाय रं! सपाट पन हाय."

धर्मेशशेठनी सावकाश मान वळवली. मागे बी विंग उभी होती. बाळाजीराव नदीकडच्या खिडकीत तुळशीला पाणी घालत होते आणि नदीवरचा वारा सरळ त्यांच्याच दिशेने चालला होता. 'आई, नको' असं म्हणायला धर्मेशशेठनी तोंड उघडलं.

पण खरं सांगायचं तर, नुसत्या विचारानेच त्यांना पुन्हा भूक लागली होती.