भाऊसाहेब शेअर बघायला जातात

आमच्या शेजारचे खिल्लारे भाऊसाहेब शेअर नुसते घेत नाहीत, आधी बघायला जातात. इस्त्रीचा सदरा, पायात बूट, काखेत वही आणि सोबतीला मी. वसमतच्या स्टँडवर आम्ही एसटीची वाट बघत उभे असलो की कुणीतरी हटकतंच, "काय भाऊसाहेब, कुणाकडं पाहुणे?" भाऊसाहेब गंभीरपणे सांगतात, "टूथपेस्ट बघायला चाललो."

भाऊसाहेब निवृत्त ग्रामसेवक. नोकरीची बरीच वर्षं सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोबाइलवर शेअरचं खातं उघडलं आणि सहा महिने नुसते बघत बसले. मी मात्र एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मधल्या सुट्टीत शेअर घेतला आणि तो शाळा सुटायच्या आत पडला. तेव्हापासून मी भाऊसाहेबांच्या हाताखाली आहे.

"गुरुजी, पैसा म्हंजे आपली पोरगी समजायची," ते मला शिकवतात. "ज्या घरी द्यायची तिथं सुखानं नांदंल का, एवढंच बघायचं."

त्यामुळे कंपनीचा वार्षिक अहवाल त्यांच्या लेखी बायोडाटा. "बायोडाट्यात कुणी लिहितंय का, पोरगं पितंय म्हणून?" कर्जबाजारी कंपनी म्हणजे उसनवारीवर मांडव घालणारं घर, बाद. मोबाइलवर 'आजच घ्या' म्हणून ओरडणारे सगळे मध्यस्थ. "मध्यस्थ लई गोड बोलून राहिला की समजावं, पोरात खोट हाय." सकाळी बाजार उघडल्यावर तासभर ते मोबाइलला हात लावत नाहीत. "दार उघडल्याबराबर आत घुसायचं नसतंय. घरच्यांना तोंड तर धुऊ द्या!" पसंती झाली तरी आधी एकच शेअर घ्यायचा. तो साखरपुडा. मग एकवीस दिवस त्याची वागणूक बघायची आणि त्यानंतर बाकीचे घ्यायचे. तोवर कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "बघून कळवतो." परवा मी चहा घेता का म्हणून विचारलं, तर तेव्हाही तोंडातून हेच निघालं.

तर, टूथपेस्टची कंपनी. तिचा माल वसमतमध्ये बघायची सोय नाही, कारण इथले दुकानदार भाऊसाहेबांना ओळखतात. "सांगून गेलं की घर आवरलेलंच दिसणार." म्हणून आम्ही हिंगोलीला गाडी बदलून थेट कनेरगाव नाक्यावर गेलो. तिथल्या एका किराणा दुकानात भाऊसाहेबांनी टूथपेस्टच्या खोक्यावरची धूळ बोटानं पुसली, मागची मुदत संपल्याची तारीख वाचली आणि वहीत टिपून घेतली. दुकानदार ताडकन उठला. वही, बूट, बरोबर एक मास्तरछाप माणूस. त्याला वाटलं, सरकारी तपासणी आली.

"साहेब, तेवढा माल आजच परत पाठवून राहिलो," तो घाम पुसत म्हणाला. आमच्यापुढे चहा आला, शेव आली. मला हसू आवरेना.

"परत घेती का कंपनी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कुठं घेती साहेब! सहा महिने झाले, त्यांचा माणूस फिरकला न्हाई."

भाऊसाहेबांनी वही मिटली. "घराणं बाद. आपल्या माणसाची विचारपूस करत न्हाईत."

एवढा प्रवास करून नाकारलेला तो शेअर वर्षभरात दुप्पट झाला. मी चडफडत ती बातमी घेऊन त्यांच्या घरी गेलो. भाऊसाहेब ढिम्म. "होऊ द्या. आपली पोरगी तिथं न्हाई ना, बास."

मी वैतागून म्हणालो, "अहो, इतकं काय भ्यायचं? नाही जमलं तर विकायचा. काडीमोड घ्यायचा, झालं!"

बोललो आणि जीभ चावली. आतल्या खोलीत त्यांची मुलगी रेखा होती. चार वर्षांपूर्वी ती सासर सोडून परत आली होती आणि गावातल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जात होती.

भाऊसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, तिचं स्थळ मी ग्रामसभा चालू असताना फोनवर पक्कं केलं. पोरगं पुण्याला नोकरीला हाय, एवढंच ऐकलं अन् शब्द देऊन बसलो. एकदाबी जाऊन बघितलं न्हाई."

इतके दिवस मी या माणसाची टिंगल करत फिरलो, याची मला फार लाज वाटली.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी भाऊसाहेबांनी मला घाईघाईनं बोलावून घेतलं. रेखाच्या लॅबमधला सुधाकर आला होता. हिंगोलीचा, साधा, बोलताना अडखळणारा. त्यानं सरळ रेखाला मागणी घातली. भाऊसाहेब म्हणाले, "बघून कळवतो." तो बिचारा नमस्कार करून गेला आणि भाऊसाहेबांनी वही काढली.

"हिंगोलीला त्याच्या घरी जाऊन येऊ. शेजाऱ्यांना इचारू. मग एकवीस दिवस..."

"आप्पा," रेखा म्हणाली, "तीन वर्षं झाली, मी त्याच्यासंगं काम करून राहिले. मला तो पसंत हाय. अजून किती बघायचं?"

भाऊसाहेबांनी पेन वहीत ठेवलं. "मला भ्या वाटतंय पोरी. मागं दोन वरीस तू हाल सोसलेस, अन् फोनवर मला 'बरं हाय' म्हणत राहिलीस. काहून सांगितलं न्हाईस?"

रेखा खाली बघत म्हणाली, "तुमी शब्द दिला होता ना. तो खाली पडू नये म्हणून."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, तरी डोळे वाहतच होते.

"चुलीत गेला माझा शब्द," ते शेवटी म्हणाले. "आता कुठंबी तकलीफ झाली तर पहिल्या दिवशी सांगशील?"

"सांगीन आप्पा."

"दुसऱ्या दिवशी न्हाई. पहिल्याच."

"पहिल्याच."

भाऊसाहेबांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं आणि एकदम माझा दंड धरला. "गुरुजी, स्कूटर काढा लवकर! हिंगोलीची गाडी लागली असंल, पोरगं निघून जाईल!"