मोरशेदाचे पाय

मोरशेदाचे पाय जमिनीला टेकत नसत. पोलिसांनी तिला बंद खोलीतून सोडवलं, त्या दिवसापासून ती जमिनीच्या वीतभर वर होती. मिरजेच्या महिला आधारगृहात तिला आणलं, तेव्हा अधीक्षिका कदम मॅडमनी एवढंच विचारलं, "परदेशी का?" पोलीस हो म्हणाले. मग कुणी अधिक चौकशी केली नाही. राहण्याचा परवाना नसला की माणूस वर राहतो, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

बांगलादेशातल्या खुलन्याजवळच्या गावातून तिच्या सख्ख्या मामानं शिवणकामाची नोकरी म्हणून तिला दलालाच्या हवाली केलं होतं. दलालावर खटला उभा राहिला. साक्षीपुरता तिला तात्पुरता परवाना मिळाला आणि ती चार बोटं खाली आली. आधारगृहात तिच्याच खोलीत राहणाऱ्या शेवंतानं शिलाई मशीन विटांवर चढवून दिलं. मोरशेदा ब्लाउज शिवायला शिकली, मराठी शिकली, शेवंताशी भांडायलाही शिकली.

कोर्टात तिनं दलालाकडे बोट दाखवलं. त्याला शिक्षा झाली. मामा मात्र सीमेपलीकडे, आपल्या घरी होता.

निकाल लागला, साक्षीची गरज संपली, परवानाही संपला. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मोरशेदा वर जाऊ लागली. शेवंतानं ओढणी धरून तिला आधारगृहापर्यंत ओढत आणलं, तोवर ती दाराच्या चौकटीइतकी उंच गेली होती. ओढणी खाटेच्या पायाला बांधावी लागली. छताखाली आडवी पडून ती खालच्या बायकांचे भांग बघत राही. मामाच्या अंगणातलं फाटक तिला डोळे मिटले की दिसे.

परवान्याच्या सुनावणीसाठी परवाना कचेरीचे अधिकारी बेलसरे साहेब आधारगृहातच आले. मान वर करून त्यांनी विचारलं, "गावी घर आहे ना, बाई?"

"आहे, साहेब. मामाचं."

"मग अडचण काय?"

"त्यांनीच विकलं होतं. परत विकतील."

बेलसऱ्यांनी चष्मा पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. "कायमच्या परवान्यासाठी अर्जदार या भूमीवर राहत असला पाहिजे. या तर हवेत आहेत."

"परवाना दिलात तर खाली येतील," कदम मॅडम म्हणाल्या.

"खाली आल्या तर देता येईल."

"आणि तोवर?"

"तोवर ती गाठ सोडायला हवी. असं बांधून ठेवणं नियमात बसत नाही. वारा सध्या पूर्वेकडे वाहतोय. त्या स्वतःच गेल्या, तर स्वेच्छेनं परतल्या असं धरता येईल."

"साहेब," वरून मोरशेदा म्हणाली, "मला वाऱ्यानं जायचं नाही."

शेवंता उठली. तिनं गाठ सोडली आणि ओढणी हाताला गुंडाळत मोरशेदाला खाली ओढलं. दंड हाती लागताच दुसरी बाई धावली, मग तिसरी. स्वयंपाकघरातल्या बायका पिठाच्या हातांनी आल्या. सगळ्यांनी मिळून तिचे खांदे धरून तिला खाली दाबलं. मोरशेदाच्या तळव्यांना फरशीचा गारवा लागला. ती रडली नाही. तिनं बोटं नुसती पसरली.

"टेकले," शेवंता म्हणाली. "बघून घ्या, साहेब."

"तुम्ही धरलंय म्हणून. हात काढा."

"नाही काढणार. धरू नये, असं आहे का नियमात?"

बेलसऱ्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "तसं नाही," ते अखेर म्हणाले. मग त्यांनी खाली वाकून तिच्या टाचा तपासल्या आणि शेरा लिहिला: अर्जदार आधारासह जमिनीवर आहे.

कायमचा नाही, पण वर्षाचा परवाना मिळाला. तो दरवर्षी नव्यानं मागावा लागतो, त्यामुळे मोरशेदा अजून पुरती खाली आलेली नाही. बाजारपेठेत तिचं शिवणाचं लहान दुकान आहे. तिथं आलेली बाई चप्पल बाहेर काढते, मोरशेदाच्या खांद्यावर हात ठेवते आणि मग गळा किती खोल हवा ते सांगते.