तुळाजी रिओला जाऊन आला

एका जंगलात, म्हणजे मुलांनो, गाडी थांबवून ज्याच्या कडेला आपण भजी खातो आणि ‘काय शांतता आहे’ असं मोठ्याने म्हणतो, तशा एका जंगलात तुळाजी नावाचं एक तरुण खवले मांजर राहत होतं.

खवले मांजर हे मांजर नव्हे. त्याच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात. ते मुंग्या खातं आणि भीती वाटली की अंगाचा गोळा करून पडून राहतं.

तुळाजीला भीती जरा जास्तच वाटे. कुणी ‘काय, बरं आहे ना?’ म्हटलं तरी तो गोल होई. त्याला बघायला मुलीकडची मंडळी तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा त्यांनी चहा घेतला, गोळ्याकडे पाहिलं आणि ‘कळवतो’ म्हणून निघून गेली.

शेवटी आई म्हणाली, “तुळ्या, जरा जग बघून ये. बाहेर जाऊन आलेल्या मुलाला मागणी असते.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“ते अनसूयाबाईंना विचार.”

अनसूयाबाई म्हणजे मोठ्या चोचीच्या धनेश पक्षीण. प्रवासाच्या बाबतीत जंगलात त्यांचा शब्द शेवटचा. धनेश बाईची एक रीत असते. अंडी घालायच्या वेळी ती झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नवरा त्या फटीतून फळं भरवतो. अशा तीन-तीन महिन्यांच्या मुक्कामांत अनसूयाबाईंनी पाच खंडांवर पुस्तकं लिहिली होती.

फटीतून चोच बाहेर आली. चोचीत एक पुस्तक होतं. ‘तरुणांसाठी रिओ’.

“ब्राझील देशात समुद्रकाठी रिओ नावाचं शहर आहे,” अनसूयाबाई आतून म्हणाल्या. “फार सुंदर. एकशेआठ सूचना आहेत, पाठ कर.”

पहिली सूचना होती, कुणाशी बोलू नये. दुसरी, कुणी हसलं तर तो चोर समजावा. तिसरी, कुणी हसलं नाही तर तो सराईत चोर समजावा. चौथी, संशय आल्यास लगेच गोल व्हावं. अशा एकशे सात झाल्यावर एकशेआठवी होती, वाळूवर बसून मनमुराद आनंद लुटावा.

“मावशी, तुम्ही कधी गेला होता?” तुळाजीने विचारलं.

“जाऊन लिहिलं की मन भारावतं रे. लिहायला तटस्थपणा लागतो,” म्हणून त्यांनी चोच आत घेतली.

चौथी सूचना तुळाजीला फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या सवयीला छापील आधार मिळाला होता.

तो बोटीने गेला. कसा गेला, तिकीट कुणी काढलं, हे विचारू नका. गोष्टीतली जनावरं पोचतात. तिथली आणि इथली जनावरं एकच भाषा बोलतात, हेही आपण धरून चालू.

रिओला पोचला तेव्हा सकाळ होती. समुद्रकाठचा रस्ता काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांनी मढवला होता, त्यामुळे समुद्र कुठे संपतो ते तुळाजीला चटकन कळेना. वाळूवर रंगीत छत्र्यांची गर्दी होती. कुणी पळत होतं, कुणी गात होतं, बाकीचे नुसते पडले होते आणि त्यांना कसलाही पश्चात्ताप दिसत नव्हता.

तुळाजी वाळूच्या अगदी कडेला उभा राहिला. तेवढ्यात चार माकडं त्याच्याकडे बघून हसली. एकाने तर अंगठा वर केला.

दुसरी सूचना, चौथी सूचना. तुळाजी गोल झाला.

आता त्या चौघांची बाजूही ऐका. ती तिथे रोज एक खेळ खेळत. पाण्याच्या कडेला गोल करून उभं राहायचं आणि चेंडू हवेत ठेवायचा. पाय, गुडघा, छाती, डोकं, काहीही चालेल. हात लावायचा नाही आणि चेंडू खाली पडू द्यायचा नाही. त्या दिवशी त्यांचा चेंडू समुद्रात गेला होता. आणि इथे वाळूवर एक नवा कोरा चेंडू पडला होता, वर नक्षीकाम केलेला.

तुळाजी उडाला.

पहिल्यांदा वर गेला तेव्हा त्याने डोळे मिटलेले होते. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा एक डोळा उघडला आणि त्याला समुद्र दिसला. घरी ओढा होता, तळं होतं. पण पलीकडचा काठच नसलेलं पाणी त्याने पाहिलं नव्हतं. चौथ्यांदा हिरवे डोंगर दिसले, थेट पाण्यातून उठलेले. पाचव्यांदा एका डोंगरावर तारेवरून चढणारा काचेचा डबा दिसला. प्रत्येक खेपेला शहर थोडं थोडं वाढत होतं.

सहाव्यांदा त्याला डोंगराच्या मागे काय आहे ते पाहायचं होतं. म्हणून त्याने मान बाहेर काढली.

चेंडूला मान फुटलेली पाहून चारही माकडं जागच्या जागी थिजली. तुळाजी धप्पकन वाळूत आपटला.

“तू पाडलास,” एक माकड म्हणालं.

“मी कशाला? तो माझ्याकडे बघत होता,” दुसरं म्हणालं.

“चेंडू नाही तो, पाहुणा आहे,” मागून आवाज आला. “आणि तुम्ही त्याला लाथा मारल्यात. शाबास.”

बोलणारी बाई आर्माडिलो होती. आर्माडिलो म्हणजे पाठीवर चिलखत असलेला तिकडचा एक प्राणी. तोही मुंग्या खातो आणि त्यातले काही गोलही होतात. तिचं नाव लुर्देस. वाळूवर ती शहाळी विकत असे. तिच्या डोक्यावर गवताची हॅट होती. तिने वाकून तुळाजीच्या एका गालाचा मुका घेतला, मग दुसऱ्याचा. तिकडे नमस्कार असाच करतात. तुळाजी दुसऱ्या गालापर्यंत अर्धा गोल झाला होता, पण ती थांबली.

“अंग दुखतंय?” तिने विचारलं.

“थोडं.”

“दुखणारच. मी तीन वर्षं खेळले आहे.”

“कोणत्या बाजूने?”

“बाजू कसली? मी चेंडू होते,” लुर्देस म्हणाली आणि तिने शहाळं फोडलं.

तुळाजीला हसू आलं. हसताना गोल होता येत नाही, हे त्याला तेव्हाच कळलं.

तो रिओत वीस दिवस राहिला. लुर्देसच्या गाडीशेजारी बसून त्याने टॅपिओकाच्या पिठाची कुरकुरीत कडी खाल्ली. ती साबुदाण्याच्या जातीची निघाल्यामुळे चतुर्थीलाही अडचण आली नाही. लुर्देसने त्याला शहरामागच्या डोंगरावर नेलं आणि चांगल्या मुंग्या कुठे मिळतात ते दाखवलं. असली जागा जगात कुणी कुणाला दाखवत नाही. माकडं रोज येऊन नम्रपणे विचारत, “आज येणार?” आणि तो कधी कधी जात असे.

संध्याकाळी सगळे एका मोठ्या खडकावर जाऊन बसत. सूर्य समुद्रात बुडाला की टाळ्या वाजवत.

“टाळ्या कशाला?” तुळाजीने विचारलं. “तो उद्याही मावळणार आहे.”

“उद्याच्या उद्या वाजवू,” लुर्देस म्हणाली.

निघताना तिने स्वतःची हॅट त्याच्या डोक्यावर ठेवली. दोन्ही गालांचे मुके घेतले. तुळाजी सरळ उभा होता. नुसता उभा नव्हता, त्याने स्वतःहून दुसरा गाल पुढे केला.

जंगलात त्याच्यासाठी सभा भरली होती. अनसूयाबाई ढोलीतून बाहेर आल्या होत्या आणि अध्यक्षस्थानी होत्या. पहिल्या रांगेत आई होती. तिच्या शेजारी पलीकडच्या टेकडीवरची खवले मंडळी होती. नवं स्थळ होतं. मुलगी शेवंता खाली मान घालून बसली होती, पण बघत होती.

तुळाजी उभा राहिला. तो गोल झाला नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मग,” अनसूयाबाई म्हणाल्या, “कुठे लुटलं?”

“नाही लुटलं.”

“वाळूवर?”

“नाही.”

“डोंगरावर तरी?”

“डोंगरावर मुंग्या खाल्ल्या. सगळे फार चांगले वागले.”

सभेत कुजबुज झाली. मागचे दोन ससे उठून गेले. शेवंताच्या वडिलांनी आईकडे पाहिलं. “मुलगा नक्की तिथे पोचला होता ना?” त्यांनी विचारलं. “नाही, आजकाल बंदरावरूनच परत येतात म्हणे.”

“पोचला होता हो,” आई म्हणाली. पण तिचाच आवाज डगमगला.

“बघा, विचार करून कळवतो,” वडील म्हणाले आणि उठले. शेवंताही उठली. हळूहळू, पण उठली.

तुळाजीने आईचा चेहरा पाहिला. मग आपला आवाज त्याने असा ऐकला, जणू दुसराच कुणी बोलतोय.

“एक बाई होती,” तो म्हणाला.

वडील थांबले.

“पाठीवर चिलखत. शहाळी विकायचं सोंग करायची. आधी तिच्या चार माणसांनी मला लाथांनी तुडवलं.”

वडील बसले. गेलेले ससे परत आले.

“मग?” अनसूयाबाईंनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं.

“मग ती गोड बोलली. आणि सगळं घेतलं.”

“सगळं म्हणजे काय काय?”

“सगळं,” तुळाजी म्हणाला. त्याला दुसरं काही सुचेना.

“आणि ही हॅट?”

तुळाजीने हॅटला हात लावला. “पळताना तिच्या डोक्यावरून हिसकावली.”

असा टाळ्यांचा कडकडाट त्या जंगलात पूर्वी झाला नव्हता. अनसूयाबाईंनी शाल-श्रीफळ दिलं. आठवड्याभरात सुपारी फुटली. लग्नात तुळाजी हॅट घालूनच उभा राहिला, कारण वऱ्हाडाची तशी इच्छा होती. ‘तरुणांसाठी रिओ’ची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात एकशेनववी सूचना होती, शहाळेवालीपासून विशेष सावध राहावं.

पुढच्या वर्षी जंगलातले अकरा तरुण रिओला गेले. अकराच्या अकरा जण लुटले जाऊन परत आले. प्रत्येकाला त्याच बाईने लुटलं होतं, आणि प्रत्येक खेपेला तिचं चिलखत वाढत होतं. सगळ्यांची लग्नं जमली. तुळाजी आता गावोगावी व्याख्यानं देई. त्याला बोलताना पाहून हा कधीकाळी बुजरा होता, असं कुणाला खरं वाटलं नसतं.

अकरावा परत आला तो केरबा मुंगूस. सभेत त्याने लुर्देसचं असं वर्णन केलं की पहिल्या रांगेतली पोरं रडली. सभा पांगल्यावर मात्र तो तुळाजीला बाजूला घेऊन गेला.

“तुळाजीदादा, एक निरोप आहे. त्या बाईचा.”

तुळाजी इकडेतिकडे पाहत म्हणाला, “तू तिच्याशी बोललास?”

“पळणार होतो. पण माझा पाय मुरगळला. तिने आठ दिवस शेकला.” केरबा खाली बघत होता. “ती म्हणाली, तुमच्याकडची मुलं खूप येतात हल्ली. मी तुळाजीची खुशाली विचारायला उठते, तर मला बघून पळत सुटतात. माझं काही चुकलं का, एवढं त्याला विचार.”



“काय कळवू?” केरबाने विचारलं. “उद्या बोट जाते आहे.”

तुळाजीने हॅट काढली, हातात फिरवली. तेवढ्यात पलीकडच्या गावाहून त्याला न्यायला बैलगाडी आली. तिथल्या तरुण मंडळाने व्याख्यान ठेवलं होतं आणि माणसं केव्हाची जमली होती.

“परत आलो की सांगतो,” असं म्हणून तो गाडीत बसला.

तात्पर्य : मुलांनो, घरच्यांनी सांगितलेलं जग आणि आपण पाहिलेलं जग वेगळं निघालं, तर आपण पाहिलेलं बदलून घ्यावं. घरचे बदलायला वेळ लागतो, आणि तोवर चांगले मुहूर्त निघून जातात.