पंधरा हातांच्या ओढीची हकीकत

वाटेवर बसतो परी वाट अडवीत नाही, त्या विघ्नहर्त्यास नमस्कार करून हे वर्तमान लिहिले ऐसीजे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. संवत्सरच क्रोधी, मग लिहिणाराने शांत कोठून राहावे? ते समयी एका राज्यात जमिनीचे दोन नकाशे जाहले. एक जुना, साखळी ओढून मोजिलेला. दुसरा नवा, आकाशात यंत्रे उडवून काढविलेला. दोन्ही एकावर एक ठेविले तो शिवेस शीव मिळेना. कोठे रेषा रेषेवर चढली, कोठे दोहोंत फट राहिली. आणि महाराजांचा वाढदिवस समीप आला, आणि त्या दिवशी एकच अखंड नकाशा दरबारी झळकावा ऐसी मर्जी जाहली. मग मोजणीचे दोघे सरदार बोलाविले. अंताजी गोपाळ यांनी अर्ज केला की, जुना नकाशा स्थिर ठेवावा, नव्याच्या रेषा त्याकडे हात-दोन हातच ओढाव्या, आणि इतक्यावर ज्या फटी राहतील तेथे माणूस पाठवून डोळ्यांनी पाहावे. दिवाळी उजाडेल, परंतु काम खरे होईल. यावर दुसरे सरदार रंगो बाबाजी हसून म्हणाले, "अंताजीपंत, नकाशा करता की पायी काशीस निघता?" आणि आपली रीत सांगितली की, पंधरा हातांच्या आत दोन रेषा दिसल्या की यंत्राने त्या एकमेकींस चिकटवाव्या, विचारपूस नको, दोन प्रहरांत काम फत्ते. महाराजांस 'दोन प्रहर' एवढेच ऐकू आले, आणि पंधरा हातांची ओढ मंजूर जाहली. अंताजीपंतांनी पुन्हा तोंड उघडिले, तो त्यात विडा घालून बसविले. वाढदिवशी नकाशा झळकला, औषधाला फट नाही, आणि रंगोपंतांस शाल मिळाली.

आता, कुंभारवाडीहून मातीच्या तळ्यास अकरा हात रुंदीची वाट होती आणि दोहों बाजूंस कुसाजी पाटलाचे शेत. अकरा हात पंधरांच्या आत. यंत्राने वाटेच्या दोन्ही कडा एकमेकींस चिकटविल्या आणि वाट गिळली. पाटलाने नकाशा पाहिला, मिशीस पीळ दिला, आणि वाटेवर आडवी भिंत घातली. गाढवे रिकामी परतली, चाके थांबली, मडकी भाजावयाचा आवा थंड पडला. मग ठकूबाई कुंभारीण दरबारी आली. रंगोपंतांनी नकाशावर बोट ठेवून सांगितले की, बाई, ऐसी वाट या राज्यात नाही. ती म्हणाली, "नाही? मग आजवर आमची गाढवं काय उडत जात होती?" दरबारात खसखस पिकली. पंत लाल होऊन बोलिले की, आम्ही राज्यात एक फट ठेविली नाही, ही का चूक? तेव्हा ठकूबाईने आवाज चढविला नाही. "पंत, फट नव्हती ती. वाट होती."

महाराजांनी खाली पाहिले, आणि ओढ दोन हातांवर आणावी, अंताजीपंतांची रीत चालवावी, ऐसा हुकूम केला, आणि नकाशात वाट पुन्हा उमटली. मग ठकूबाईने भिंतीचे पुसिले. उत्तर मिळाले की, पाटलाने ती सरकारी नकाशा पाहून बांधिली, सबब प्रकरण विचारात आहे, पावसाळा सरल्यावर यावे. विचार करणारांची चूल पेटती होती, त्यांस घाई कशाची? मग ठकूबाई गावी गेली, आणि सारी कुंभारवाडी पहारी घेऊन निघाली, आणि भिंत पाडिली, आणि तिच्याच दगडांवरून गाढवे तळ्यास नेली. पाटील बांधावर उभा राहून पाहत होता. पहारी मोजिल्या आणि घरी गेला.

सारांश, नकाशा दरबाराने सुधारिला, वाट कुंभारांनी मोकळी केली. भिंत का पाडिली म्हणोन जाब पुसणारे दरबारचे पत्र कुंभारवाडीस गेले आहे. रंगोपंतांस कोणी काही पुसिले नाही; थंडी पडली की शाल पांघरून येतात. जैसे जाहले तैसे लिहिले.