चौथऱ्यावरची जागा

चौकातल्या खो-खोच्या पुतळ्याला मालनबाई कोष्टींनी भाजी आणायला जाताना खो दिला, पुतळा उठून पळाला, आणि रीतीप्रमाणे मालनबाईंना त्याच्या जागी बसावं लागलं.

त्यांचा हेतू काही वाईट नव्हता. ब्राँझची ती पोर, उकिडवी, बोटं जमिनीला टेकलेली, नजर एसटी स्टँडकडे. चौक सुशोभित झाला तेव्हापासून तशीच बसलेली. गावात कोणाच्या सुनेचं बिनसलंय, कोणाला साखर निघालीय, सगळ्यांची चौकशी मालनबाई करायच्या. हिची मात्र कोणीच करत नव्हतं. म्हणून त्यांनी मायेनं पाठीवर हात ठेवला, आणि हात ठेवल्यावर शाळेतल्या सवयीनं तोंडातून खणखणीत "खो!" निघालं. पोर सुटली ती थेट स्टँडच्या दिशेनं. मालनबाईंनी पिशवी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि बसल्या. खो देऊन जागा रिकामी सोडणं त्यांच्या पिढीत कोणाला जमत नाही.

दहा वाजता मगदूम सर आले. हायस्कूलचे निवृत्त क्रीडाशिक्षक, तालुक्यातल्या सगळ्या सामन्यांचे पंच. त्यांनी चौथऱ्याला फेरी मारली.

"पाठीमागून दिला का?"

"पाठीमागूनच."

"आधी हात, मग आवाज?"

"हो सर."

"मग खो बरोबर आहे, वहिनी. मला काही करता येत नाही."

"अहो पण परवा आमच्या रूपालीचं डोहाळजेवण आहे! पहिलटकरीण पोर. माझ्याशिवाय तिची ओटी कोण भरणार?"

"कोणीही सवाष्ण भरेल की."

"कोणीही कशी भरेल? मी आई आहे तिची."

मगदूम सरांना हे पटलं, पण नियम नियमच होता. ते म्हणाले, पळणारीचा पुतळा शिरढोणच्या चौकात होता, तोही सकाळीच निघालाय. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही. पळणारी हूल देऊन मागे गेली, की पाठलाग करणारीला खो द्यावाच लागेल, आणि बसलेल्या तुम्ही एकट्याच आहात.

"म्हणजे मी सुटणार कधी?"

"ते पळणारीवर आहे."

संध्याकाळी मालनबाईंचे यजमान येऊन खो देऊन गेले. तो धरला गेला नाही. ते संघात नव्हते.

"मग मी संघात कधी गेले?" मालनबाईंनी विचारलं.

"बसलात तेव्हा," मगदूम सर म्हणाले.

शेवटी डोहाळजेवण चौकातच करायचं ठरलं. नगरपालिकेनं मांडवाला परवानगी दिली. अट एवढीच, की मांडवाचा खांब खेळाडूच्या वाटेत येता कामा नये. म्हणून मांडव मधोमध उघडा ठेवला. रूपाली हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी घालून मालनबाईंच्या समोर, स्टँडच्या बाजूला बसली.

"आई, पाय दुखत असतील गं तुझे."

"तुझे सुजलेत ते बघ आधी. मीठ कमी कर म्हटलं होतं ना? आणि ती कडेची पिवळी साडी कोण गं?"

"माझी चुलत नणंद."

"हीच का ती, सोलापूरचं स्थळ मोडलेली?"

"आई, हळू!"

बायकांनी गाणं धरलं. कोणीतरी ताट पुढे केलं. मालनबाईंनी नारळ, खण आणि तांदूळ घेतले, आणि तेवढ्यात पाठीमागून धातूची पावलं वाजली. पाठीवर गार हात पडला.

"खो!"

खो मिळाल्यावर उठायला वेळ लावता येत नाही. मालनबाई उठल्या आणि तोंड होतं त्या दिशेला पळाल्या. त्या दिशेला रूपाली होती. तिनं पदर पसरलेलाच होता. मालनबाईंनी न थांबता नारळ, खण, तांदूळ तिच्या ओटीत टाकले आणि उजवीकडून पुढे गेल्या. सगळ्यांनी मगदूम सरांकडे पाहिलं. सरांनी जरा विचार केला.

"दिशा सोडली नाही," ते म्हणाले. "फाऊल नाही."

बायकांनी राहिलेलं गाणं पूर्ण केलं. ब्राँझची पोर रिकाम्या जागी बसली होती, तिलाही कुंकू लावलं.

मालनबाईंनी स्टँड ओलांडला, पेट्रोल पंप ओलांडला. शिरढोणच्या रस्त्यावर पळणारी दिसली. मूळची चकचकीत, पण तीन दिवसांत घामानं काळवंडलेली. पाठीमागे वेगळीच पावलं ऐकून तिनं मान न वळवता विचारलं, "नवीन का?"

"हो. मालन कोष्टी. चौकातली."

"लेकीचं कार्य होतं ना? ओटी भरली का?"

"भरली."

"स्वतःच्या हातानं?"

"स्वतःच्या."

"मग पळा आता नीट," ती म्हणाली, आणि हूल देऊन उसाच्या बाजूला वळली.