पेशीला अजून कळलेलं नाही

पवनीच्या बांगड्यांच्या दुकानातून दर महिन्याला नेलपॉलिशची बाटली नेणारा एकमेव पुरुष म्हणजे आमचे मेश्राम सर. वय पंचावन्न, लग्न नाही, घरात बाईमाणूस नाही. आता सांगा, गाव गप्प बसेल का? दुकानदारीणबाई विचारायच्या, रंग कोणता देऊ? तर हे म्हणणार, "कोणताही द्या, लवकर वाळणारा द्या." एवढ्यावर गावानं तीन-चार प्रेमप्रकरणं रचली.

खरा प्रकार त्याहून भयंकर. सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. समोर आलेल्या माणसाला ते "तोंड उघडा" म्हणतात, टूथपिकनं गालाची आतली बाजू खरवडतात, जे निघेल ते काचपट्टीवर पसरून त्यावर निळ्या रंगाचा थेंब टाकतात. वर पातळ काच ठेवायची आणि कडेनं नेलपॉलिश फिरवायचं, म्हणजे आत हवा शिरत नाही. मग चिठ्ठी चिकटवायची, नाव आणि तारीख. असे आम्ही सगळे त्यांच्या कपाटात पडून आहोत. हेडमास्तर, दूधवाला, अख्खी दहावी ब. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. निळसर, फाटक्या पापडासारखे तुकडे, आणि प्रत्येकात एक गडद ठिपका. "हा केंद्रक. अन् ह्या तुम्ही," सर म्हणाले. इतकी वर्षं मी वर्गात मराठीचे तास घेते, पण त्या दिवशी माझी बोबडीच वळली. तो ठिपका उलटा माझ्याकडे बघत होता, असं मला आजही वाटतं.

त्यात आमचा बोरकर शिपाई गाल दिल्यावर आठ दिवसांत गेला. गेला हृदयविकारानं, पण गावाला कारण हवं असतं. तेव्हापासून सर दिसले की पोरं दोन्ही गालांवर हात दाबून पळतात.

शिकवतात मात्र झकास. पेशीपटल म्हणजे सासू, आत कोण येईल आणि कोण नाही ते तीच ठरवते. तंतुकणिका म्हणजे धानाची गिरणी, ती बंद पडली की घर उपाशी. आणि लयकारिका मोडकंतोडकं खाऊन घर साफ ठेवते. "अन् पेशी मेली का मग ही फुटते, अन् घरालेच खाते." हे वाक्य ते इतक्या हळू सांगतात की वर्गात फक्त पंखा ऐकू येतो. मधल्या सुट्टीत पुन्हा माझ्याकडे वळणार. "सकाळपासून तुमच्या आतले किती मेले, माहीत हाये का मॅडम? अन् तुम्ही पोहे खाऊन राहिल्या." मी डबा उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसते.

पण गाव खरं बिचकायचं ते सर मयतीला येतात याला. कुठं रडणं ऐकू आलं की सर हजर, बोलावणं असो नसो. प्रेताशेजारी बसायचे, मनगटावर तळवा ठेवायचे आणि तिरडी बांधणाऱ्यांना सांगायचे, घाई कायले करता, श्वास थांबला पण पेशीले अजून कोणी सांगितलं नाही, आत कामं चालू हायेत. एका घरी तर हे ऐकून सुनेला भोवळ आली. दोन घरांतून त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. तरी तिसऱ्या घरी हे पुन्हा उशाशी.

शेजारच्या शोभाकाकूंना मी बजावून ठेवलं होतं, हा माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत यायला नको. कारण त्या वर्षी माझ्या आईनं अंथरूण धरलं होतं. मी तिची एकटीच लेक. तिनं माझ्याकडे एकच मागितलं होतं, शेवटचं पाणी तुझ्या हातचं. मी हो म्हटलं होतं आणि त्या शब्दापायी मधल्या सुट्टीत रोज धापा टाकत घरी जाऊन बघून यायची.

आणि नेमकी भंडाऱ्याला परीक्षेच्या कामाची बैठक लागली. फोन दारातच जमा करून घेतले. बाहेर आले तर शोभाकाकूंचे अकरा मिस्ड कॉल. बसमध्ये जागा होती, पण मला बसवलंच नाही. वाटेत अड्याळला बस थांबली तेव्हा ड्रायव्हरवर ओरडावंसं वाटलं. घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. आई साडेबाराला गेली होती.

दारात मामा संतापलेले. त्यांना ऊन उतरायच्या आत नदीवर न्यायचं होतं, आणि आत मेश्राम सर आईचा हात सोडायला तयार नव्हते. शोभाकाकूंचं काही चाललं नव्हतं. मामांनी सरांना तीनदा उठवलं, तीनदा ते परत येऊन बसले. बायका मला म्हणाल्या, उशीर केलास गं. तिनं एवढंसं मागितलं होतं, आणि तेही माझ्याच्यानं झालं नाही.

सरांनी माझा हात ओढून आईच्या दंडावर ठेवला. गार होता. काखेजवळ मात्र थोडी ऊब होती.

"ऐकू नाही येणार त्यांना, खोटं कायले सांगू," ते अगदी हळू म्हणाले. "पण या चामडीखाली सगळे नाही गेले अजून. तुम्ही यालच म्हणून मी थांबवून ठेवलं. पाणी द्या, मॅडम."

मी चमच्यानं पाणी दिलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलं. मी पदरानं पुसलं आणि पुन्हा दिलं. मग अर्धा तास मी तिच्याशी बोलत बसले, शाळेतलं, बसमधलं, काय वाटेल ते. मामांनी पुन्हा घाई केली नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

नदीवरून लोक परतले तेव्हा सर आमच्या पायरीवर एकटेच बसले. मी शेजारी जाऊन विचारलं, लोक इतक्या शिव्या देतात, मग हे काहून करता?

ते म्हणाले, बपेऱ्याला त्यांची आई गेली तेव्हा ते नागपूरला शिकत होते. पेशीचाच धडा चालू होता. निरोप मिळून गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. कोणीच त्यांच्यासाठी थांबलं नव्हतं.

"राख गरम होती, मॅडम. मी हात घालून पाहिला. राखेत पेशी नसते."

समोरून चार बायका बघत होत्या. बघेनात का. मी सरांचा हात धरला आणि दिवेलागणीपर्यंत सोडला नाही.