डबा आला, का तुमी आलासा?

"माझा डबा सकाळी आठाला आलाय! आठाला! आन् नवाला आलेला ह्या पाटलीणबाईंचा डबा दळून घरी गेलाबी?"

हा मालनवहिनींचा आवाज. मागे गिरणीचा पट्टा फटाफट वाजत होता, रस्त्यावर दोन मोटरसायकली एकमेकींवर हॉर्न मारत होत्या, पण वहिनी सगळ्यांच्या वर. तो आवाज कृष्णा ओलांडून पलीकडे गेला आणि तिथल्या बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालला होता. तिथला बोली पुकारणारा गप्प बसला. त्याला वाटलं, आपल्यापेक्षा मोठं कोणीतरी बाजारात उतरलं. हे मला त्यानं स्वतः सांगितलं नाही, पण विचारलं असतं तर सांगितलं असतं.

गिरणीत गव्हाच्या पोत्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन भूपाल बसला होता. त्यानं चष्म्यावरून वहिनींकडे बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं,

"वहिनी, आठाला डबा आला, का तुमी आलासा?"

"आं?"

"डबा तुमी शेजारणीच्या हाती धाडलासा. तो आठाला आला. तुमी साडेनवाला आलासा. बारीक दळायचं का जाडंभरडं, हे तुमी आल्यावर कळलं. मग काम आलं कवा म्हणायचं?"

मालनवहिनी तीस वर्षं गल्लीत भांडत आल्या आहेत. नळावर, रेशनला, गणपतीच्या मांडवात. पण असा प्रश्न त्यांना कोणी घातला नव्हता. 

"मुडद्या, तुझा बाप तिकडं माझा डबा शोधालाय आन् तू मला शाळा शिकवतोयस व्हय रं?"

त्यानंतर पाऊण तास त्या भूपालवर घसरल्या. तेवढ्यात तात्यांना डबा सापडला, दळूनही झाला.

तात्या म्हणजे भूपालचे वडील. गिरणी त्यांची. गिरणीला लागून माझं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींच्या तारा परत गुंडाळायचं दुकान, त्यामुळे गिरणीची मोटर, गिरणीतली भांडणं आणि भूपाल ह्या तिन्ही गोष्टी मी लहानपणापासून जवळून बघतोय. त्यातली मोटर मला कळते.

भूपाल काय काम करतो, हे सांगायला मला दोन वर्षं लागली. म्हणजे कळायलाच लागली. परदेशातल्या कुठल्याशा मंडळींसाठी तो घरी बसून लिहितो. आताच्या गाड्यांत ब्रेकसुद्धा कॉम्प्युटर सांभाळतो. त्या कॉम्प्युटरकडे सारखी कामं येत असतात: ब्रेक बघ, चाक बघ, दिवा लाव. प्रत्येक काम ठरल्या वेळेच्या आत झालंच पाहिजे. झालं नाही तर गाडी झाडावर. ते वेळेत होतंच, हे गणितानं सिद्ध करायचं असतं, आणि त्यासाठी आधी कामं येतात कशी, हे काटेकोर लिहावं लागतं. भूपाल एवढंच लिहितो. अकरा वर्षं हा माणूस "काम येतं" एवढंच लिहितोय. काम होतं, हे दुसरी माणसं लिहितात. त्याची बायको कोणी विचारलं तर सांगते, "ह्यांच्याकडं फक्त आवक हाय."

हे लिहिणं साधं नसतं. प्रूफ असिस्टंट नावाचा, सिद्धता तपासणारा एक प्रोग्राम असतो, त्याला पटवून द्यावं लागतं. भूपाल त्याला "मास्तर" म्हणतो. मास्तरला एकेक पायरी दाखवायची. एक पायरी गाळली, "हे तर उघडच आहे" म्हणालात, की मास्तर अडला. भूपालनं एकदा "एक काम दोनदा येत नाही" एवढं मास्तरला पटवायला पूर्ण पावसाळा घालवला. पटलं त्या दिवशी त्यानं गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, मुलगा झाला. बारशाला तीन टोपडी आणि एक पाळणा आला.

मास्तरच्या संगतीनं तो तसाच झाला. त्याच्या दारात उभं राहून "आताच आलो" म्हणायची सोय नाही. लगेच विचारतो, "फाटकात आलास ती वेळ धरायची, का मी बघितलं ती?" एकदा मी त्याच्याकडून निघालो, चौकात गेल्यावर छत्री विसरल्याचं ध्यानात आलं, परत गेलो. त्यानं बायकोला हाक मारली, "चहा टाक, पाहुणा आलाय."

"आवं, आत्ताच दिलाय की त्यास्नी!"

"तो गेला. हे नवीन काम हाय. एक काम दोनदा येत न्हाई."

दुसरा चहा मुकाट्यानं प्यायलो. तिसऱ्यांदा काही विसरायची माझी छाती झाली नाही.

कामं तीन तऱ्हेनं येतात, हे त्यानं मला घरातलीच माणसं लावून शिकवलं. "दूधवाला बघ. रोज सहाला. तो सरळ माणूस. दुसरा माझा मेव्हणा. दोन फेऱ्यांत कमीत कमी पंधरा दिवस जातात, एवढी खात्री हाय. जास्तीत जास्त किती, त्याची न्हाई. आन् तिसरी माझी सासुरवाडीची माणसं. आंब्याच्या दिवसांत एकदम चौदा. पण वर्षाला चौदाच्या वर न्हाईत. म्हंजे मर्यादा हाय, फकस्त गठ्ठ्यानं येत्यात."

"आन् मी?"

"तुझ्यावर अजून काम चालू हाय," तो म्हणाला.

तर असा हा माणूस लॅपटॉप घेऊन गिरणीत येऊन का बसला?

कारण तात्या विसरायला लागले होते. एके काळी तात्या झाकणाच्या आवाजावरून डबा कोणाचा ते सांगायचे. पोत्यामागे डोळे मिटून बसायचे आणि "कुलकर्ण्यांची ज्वारी आली, जाड दळा म्हणतील," असं म्हणायचे. आता वयाच्या ऐंशीला कोणता डबा आधी आला, तेच त्यांच्या ध्यानात राहीना. एकाची ज्वारी दुसऱ्याच्या घरी गेली. एकाचे गहू दोनदा दळले. ते पीठ इतकं बारीक झालं, की त्या बाईंनी चपात्या न करता तोंडाला लावलं असतं तर गोऱ्या झाल्या असत्या. रोज भांडण. रोज तात्या हात जोडून उभे.

भूपालची थोरली बहीण, अक्का, साताऱ्याला दिलेली. तिच्या कानावर हे सगळं जात होतं. तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं, "आता एक जरी भांडण झालं, तर मी येणार, शटर ओढणार आन् तात्यांना साताऱ्याला घेऊन जाणार. ह्या वयात लोकांच्या शिव्या खायला ठेवायचं व्हय रं त्यांना?"

तिचंही चुकत नव्हतं. पण तात्या साताऱ्याला जाऊन करणार काय? सोफ्यावर बसून टीव्ही बघणार. पहाटे उठून गिरणीच्या जात्याला हात लावून नमस्कार करणारा माणूस तो. मशीन बंद पडलं तर मी दुरुस्त करून देईन. तात्या बंद पडले तर त्यांचं वाइंडिंग कोण करणार?

भूपाल पंधरा दिवस पोत्यावर बसला. कुठला डबा कितीला आला, किती मिनिटं दळला, सगळं टिपलं. मग चार दिवस खोलीत कोंडून घेतलं. पाचव्या दिवशी माझ्या दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मास्तरनं मान्य केलं," तो म्हणाला.

"काय?"

"दिवसाला जेवढे डबे जास्तीत जास्त येत्यात, त्याच्यावर आले न्हाईत, आन् डबा शिल्लक असताना गिरणी रिकामी थांबली न्हाई, तर शेवटचा डबा सहाच्या आत दळून होतो. क्रम कोणताही असू दे. ऐकतोयस का? कोणताही! तात्यांनी डोळं झाकून डबा उचलला तरी चालतंय!"

"आन् लाइट गेली तर?"

"लाइट हाय असं गृहीत धरलंय. लेखी."

"मोटर जळली तर?"

"तू शेजारी हायस. तेबी लिहिलंय."

गणिताच्या सिद्धांतात माझं नाव गेलं, हे मी त्या दिवसापासून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आलोय. दर मात्र वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर पाटी लागली: "डबा ठेवा, बारीक-जाड चिठ्ठीवर लिहा, घरी जा. सहा वाजता या. मध्ये येऊन विचारू नये." डब्यांवर नावं रंगवली, म्हणजे अदलाबदल नको. आणि काय सांगू, गल्ली शांत झाली! ओळच नाही, तर माझा पहिला का तुझा, हे कोण बघणार? तात्या हाताला लागेल तो डबा उचलायचे, दळायचे, गुणगुणायचे. सहाला बायका यायच्या, पीठ गरम, तात्या हसतमुख. भांडणाअभावी मालनवहिनींचं वजन दोन किलोनं उतरलं. भूपाल फोनवर अक्काला म्हणाला, "ये, येऊन बघ."

अक्का आली ती नेमकी घट बसायच्या आदल्या दिवशी. येताना तात्यांसाठी एक रिकामी बॅगही घेऊन आली होती. दिवसभर ती गिरणीच्या पायरीवर बसून बघत होती; चहासुद्धा तिथंच मागवून प्यायली. दुपारी चारपर्यंत एक चढा शब्द नाही. पाच. साडेपाच. भूपाल इस्त्रीचा काळा शर्ट घालून, सत्कार असल्यासारखा येरझाऱ्या घालत होता.

सहाला मालनवहिनी आल्या. डब्याचं झाकण उघडलं. चिमूट घेऊन उजेडात धरली.

"ही माझी उपासाची भाजणी?"

राजगिरा, वरी, साबुदाणा. नऊ दिवसांचं पीठ. पांढुरकं असायला हवं, ते तांबूस करडं झालं होतं.

"नाचणी!" वहिनी ओरडल्या. "आधी नाचणी काढलीसा आन् त्याच जात्यावर माझी भाजणी घातलीसा! नऊ दिवस मी आता काय खाऊ? आमच्या घटापुढं काय ठेवू?"

उपासाचं दळण सकाळी, जातं झाडून, सगळ्यांच्या आधी काढायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तात्यांना पन्नास वर्षं ठाऊक होतं. भूपालला ठाऊक होतं. फक्त मास्तरला ठाऊक नव्हतं. भूपालनं त्याला डबा कितीला येतो आणि किती मिनिटं घेतो एवढंच सांगितलं होतं. डब्यात काय आहे, ते सांगितलंच नव्हतं. क्रम कोणताही असो, असं कॉम्प्युटरच्या कामांचं लिहिणारा माणूस भाजणीला तेच लावून बसला.

गिरणी थांबली होती. चार-पाच बायका जमल्या. तात्या स्वतःच्या पांढऱ्या झालेल्या हातांकडे बघत होते. नाचणी आधी काढली का नंतर, ते त्यांना आठवत नव्हतं; आठवत नाही हे मात्र त्यांना कळत होतं, आणि तेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अक्का पायरीवरून उठली आणि तात्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. शटरची सळई तिच्या मागेच टेकवलेली होती.

"वहिनी," भूपाल म्हणाला, "तुमचा डबा मी दळला."

सगळ्या वळल्या.

"तात्या जेवायला गेल्ते. मी म्हटलं, एक डबा आपण काढावा. जातं झाडायचं माझ्या ध्यानात न्हाई आलं. तात्यांचा काय संबंध न्हाई."

आता मी सांगतो. भूपालला गिरणीचा खटका कुठल्या बाजूला आहे, हे माहीत नाही. लहानपणी पट्ट्याच्या आवाजाला भिऊन तो माझ्या दुकानात लपायचा. त्याच्या काळ्या शर्टावर पिठाचा एक कण नव्हता. आणि "आताच आलो" एवढंही पुराव्याशिवाय न ऐकणारा हा माणूस, पाच-सहा बायकांसमोर, आयुष्यातलं पहिलं खोटं बोलत होता. ते इतकं वाईट बोलत होता, की त्याचे कान लाल झाले होते.

मालनवहिनींनी त्याच्या शर्टाकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत. मग तात्यांच्या हातांकडे. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता कृष्णेपलीकडच्या म्हशी सुटणार.

"तुझ्या हाताला वळण न्हाई बघ," वहिनी म्हणाल्या. आवाज एवढा खाली, की मला कान द्यावा लागला. "उद्या पहाटं दुसरी भाजणी आणते. तात्या, तुमी दळा. ह्याला शिवू देऊ नगासा."

"व्हय," तात्या म्हणाले. "पहाटं जातं झाडून ठेवतो."

वहिनी डबा काखेत मारून गेल्या. बाकीच्या बायकांनी आपापले डबे उचलले. तात्यांनी केरसुणी घेतली आणि तेव्हाच जातं झाडायला बसले. भूपाल त्यांच्याजवळ उकिडवा बसून, कुठून कुठे झाडायचं, ते वहीत लिहून घेत होता.

अक्काला स्टँडवर मी सोडलं, माझ्या स्कूटरवर. तिची पिशवी तिच्या मांडीवर, आणि तात्यांसाठी आणलेली रिकामी बॅग घडी घालून त्याच पिशवीत. स्टँडवर उतरली, पदर नीट केला, साताऱ्याची गाडी कुठं लागते ते विचारलं. मला राहवलं नाही.

"अक्का, भूपालनं दळलं, हे तुमाला पटलं व्हय?"

"मला काय माहीत," अक्का म्हणाली. "मी तवा आत चहा करत होते."